घरातल्या बंदराचं पाणी

आमच्या घरी पोहण्याचा तलाव होता, असं सांगितलं की ऐकणारा आधी माझ्या तोंडाकडे बघतो आणि मग विचारतो, "तुमच्या? रत्नागिरीत? त्या काळात?" होता. आमचाच होता. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, मासेमारी करणाऱ्यांच्या आळीत, जिथे निम्म्या घरांत अजून नळ आला नव्हता, तिथे आमच्या मागच्या परसात जांभ्या चिऱ्यांचा, आतून सिमेंटचा गिलावा केलेला, छातीभर खोल तलाव होता. तो श्रीमंतीचा नव्हता. माझ्या बाबांच्या डाव्या पायासाठी होता.

बाबा तांडेल होते. बोट कुठे न्यायची, जाळं कुठे टाकायचं, कधी परत फिरायचं, हे ज्याच्या शब्दावर ठरतं तो तांडेल. कागदावर ते अंगठा उठवत. पण धुक्यात किनारा दिसेनासा झाला की पाण्याचा रंग बघून सांगत, आपण वेळणेश्वरासमोर आहोत की अंजनवेलच्या अंगाला. त्या वर्षी दिवाळी उलटल्यावर एका सकाळी ते अंथरुणातून उठायला गेले आणि त्यांची डावी बाजू त्यांच्याबरोबर उठलीच नाही.

बोलणं परत आलं. हातही बऱ्यापैकी आला. पाय मात्र ओढावा लागायचा आणि त्या पावलाला लागलेलं-खुपलेलं काही कळायचं नाही. गावातले डॉक्टर म्हणाले, "ह्यांना छातीभर पाण्यात चालवा. पाणी माणसाचं वजन उचलतं, पडू देत नाही. रोज चालले तर पाय पुन्हा शिकेल. पण जे काय शिकायचं ते येत्या काही महिन्यांत. नंतर तो शिकायचा नाही."

आता आमच्या दारापासून समुद्र हाकेच्या अंतरावर. आईने लगेच सांगितलं, भरतीच्या वेळी दोघा खलाशांनी धरून न्यायचं. बाबांनी मान फिरवली. "मी समुद्रात हात धरून चालणार? सगळ्या बंदरासमोर? त्यापेक्षा घरात बसलेला बरा." आणि ते खरोखरच बसले. खुर्ची समुद्राकडे पाठ करून ठेवायला लावली.

माझा मोठा भाऊ तेव्हा आखातात एका हॉटेलात कामाला होता. बाबांचं कळल्यावर तो रजा काढून आला, दोन दिवस परसात येरझाऱ्या घातल्या आणि तिसऱ्या दिवशी चिरे मागवले. तो बोलला, "आमच्या हॉटेलात लोक मजेसाठी पाण्यात चालतात. बाबांनी कामासाठी चालायचं." परसात माडांच्या मध्ये एका होडीएवढी लांब जागा होती, तिथे तलाव झाला. उतरायला पायऱ्या, धरायला दोन्ही बाजूंनी लोखंडी नळी. आळीतले लोक बघायला आले. बाबांचा जुना खलाशी कठड्यावर बसून बोलला, "तांडेल, तुम्ही तर घरात बंदर बांधलंत. आता जकात कोण घेणार?" तेव्हापासून त्याला कोणी तलाव म्हटलंच नाही. बंदरच.

भाऊ परत गेला आणि बंदराचं पाणी सांभाळायचं काम आमच्यावर आलं. आमच्यावर म्हणजे आई, आत्या आणि मी. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, विधवा, आमच्याकडेच राहायची. मी आदल्याच वर्षी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते. आमच्या घरातली, आणि माझ्या माहितीप्रमाणे आमच्या आळीतली पहिली पदवीधर. हे मी सांगते तेव्हा कुणाला बढाई वाटली तर वाटू दे. मला त्याचा अभिमान तेव्हाही होता आणि आताही आहे. तेव्हा मी एका शाळेत शिकवत होते आणि आत्या रोज विचारत होती की पोरांना शिकवायला एवढी वर्षं शिकावं लागतं काय.

पाणी कसं टिकवायचं हा प्रश्न बाबांनी पहिल्याच दिवशी सोडवून टाकला.

"बांगडा कसा टिकतो?" त्यांनी मला विचारलं.

"मिठात."

"समुद्र का नासत नाय?"

"बाबा, त्याचं कारण वेगळं..."

"मीठ, गो. मीठच. दे टाकून गोणी."

आमच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या जे टिकवलं ते मिठानेच. मासा खारवायचा, चिंच खारवायची, कैरी खारवायची. तेव्हा पाणीही खारवायचं, ह्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. मिठागरातलं जाडं मीठ आलं. त्यावर आत्याने कडुलिंबाच्या डहाळ्या बांधून सोडल्या, तुरटीचा खडा फिरवला आणि विहिरीत सोडतात तसे चार मासेही सोडायला निघाली होती. ते मात्र मी अडवलं. मी एवढंच सांगितलं की मासा टिकवायला मीठ मुठींनी लागतं, त्या हिशेबाने इथे तलाव अर्धा मिठानेच भरावा लागेल. बाबा हसले. "मग मीच सुका बांगडा होऊन बाहेर येईन." पण मीठ पडत राहिलं. मीही फार ताणलं नाही, कारण बाबा पाण्यात उतरले होते. नळी धरून, दात आवळून, ह्या टोकाकडून त्या टोकाकडे. पाण्यात त्यांचा पाय पुढे पडायचा. जमिनीवर जो ओढावा लागायचा तो पाण्यात उचलला जायचा. तो पाय बघत असताना पाण्याकडे कोण बघणार?

शिमग्याच्या सुमाराला पाण्याकडे बघावंच लागलं. तळ दिसेनासा झाला. भिंतीला हात लावला तर बोटं घसरत. कडुलिंबाचा पाला कुजून त्याचा एक जडसर वास परसात बसून राहिला. मीठ होतं, पण अर्धवट. मासा टिकवायला ते कमी होतं आणि शेवाळ रोखायलाही पुरेसं नव्हतं. पाणी बदलावं तर विहीर खाली जायला लागलेली. आणि मग एक दिवस बाबांचं ते न कळणारं पाऊल पायरीवर खरचटलं. त्यांना समजलंच नाही. दुसऱ्या दिवशी आईने पाय पुसताना बघितलं. चार दिवसांत त्या जखमेत पू धरला.

डॉक्टर परसात आले, पाण्याकडे बघितलं आणि म्हणाले, "जखम मी बरी करतो. पण ह्या पाण्यात आता पाऊल टाकायचं नाही. पाणी साफ ठेवता येत असेल तरच पुन्हा उतरवा. पायाला संवेदना नाही, पुढची जखम कदाचित हाताबाहेर जाईल."

"आणि चालणं?" आईने विचारलं.

"तेही थांबायला नको," ते म्हणाले. "हेच तर अवघड आहे."

बाबा पुन्हा खुर्चीत बसले, भिंतीकडे तोंड करून. मागच्या कित्येक आठवड्यांत जो पाय थोडा थोडा शिकला होता, तो आमच्या डोळ्यांदेखत विसरायला लागला. चहाचा कप घ्यायला उठताना पूर्वी एक पाऊल आपोआप पडायचं, ते पुन्हा ओढलं जाऊ लागलं. एक दिवस त्यांनी खलाशाला निरोप धाडला की पुढच्या हंगामासाठी दुसरा तांडेल बघा. आई आत जाऊन भांडी घासत बसली. घासलेलीच भांडी.

मला उत्तर माहीत होतं. ते मला कॉलेजात माझ्या ह्याच हातांनी करायला शिकवलं होतं. शेवटच्या वर्षी प्रात्यक्षिकाला ब्लीचिंग पावडर असायची: तिच्यात किती क्लोरीन आहे ते काढा. काचेच्या नळीतून द्राव थेंब थेंब सोडायचा आणि निळा रंग ज्या थेंबाला जाईल तिथे थांबायचं. तीच पावडर साथ आली की सरकारी माणूस विहिरीत टाकायला येतो. मी संध्याकाळी चुलीपाशी जाऊन आईला सांगितलं, मीठ बंद, पाला बंद, बंदरात पावडर टाकायची.

आईने फुंकणी खाली ठेवली. "आपल्या घरात? पावडर?"

"हो."

"अगो, वास नाय का येणार त्याचा आळीभर? त्या वासाचा अर्थ काय होतो ठाऊक हाय ना तुला?"

मला ठाऊक होता. पावडर यायची ती पटकीच्या मागून. एखाद्या घरात जुलाब-उलट्या सुरू झाल्या की दारात, गटारात, विहिरीत पांढरी पावडर पडायची, आणि तो वास ज्या घरातून येतो तिथलं कुणी काही विकत घ्यायचं नाही. आई रोज बाजारात मासळीची टोपली घेऊन बसायची. आदल्या पावसाळ्यात पलीकडच्या आळीत पावडर पडली तेव्हा तिथल्या बायकांच्या टोपल्यांकडे महिनाभर गिऱ्हाईक फिरकलं नव्हतं. घर त्या टोपलीवर चाललं होतं, कारण बाबा बोटीवर जात नव्हते.

"बाजारात मला कोण विचारील?" आई बोलली.

ह्याचं उत्तर रसायनशास्त्रात नव्हतं.

आत्या तर सरळ बाबांकडे गेली. "ऐकलास काय रे? तुझी शिकलेली बाय तुला गटाराच्या पावडरीत बुडवणार हाय."

बाबांनी मला बोलावलं. खुर्ची भिंतीकडेच होती, त्यामुळे मला भिंत आणि ते ह्यांच्या मध्ये जाऊन उभं राहावं लागलं.

"हे तुला कॉलेजात शिकवलं?"

"हो."

"पुस्तकात वाचलंस, की हातांनी केलंस?"

"हातांनी केलं."

ते जरा वेळ माझ्या हातांकडे बघत राहिले. त्यांच्या धंद्यात हाच एक प्रश्न असतो. नवीन खलाशी आला की ते त्याला कधी विचारायचे नाहीत, तुला येतं का. विचारायचे, कुणाच्या बोटीवर केलंस.

"मग कर," ते बोलले.

ह्या दोन शब्दांनी मी जितकी ताठ झाले तितकी पदवीचा कागद हातात पडला तेव्हा झाले नव्हते. मला कॉलेजात घालताना ह्याच आत्याने विचारलं होतं, समुद्रात का कॉलेज आहे, की तिथे शिकलेलं पोरीला उपयोगी पडणार? तेव्हा बाबा म्हणाले होते, "मला ठावं नाय. म्हणून तर पाठवतोय. मला जे ठावं हाय ते घरातच शिकली असती." ते मी विसरले नव्हते, पण त्याचा खरा अर्थ मला त्या दिवशी भिंतीपाशी उभी असताना कळला.

आईने मात्र दुसऱ्या दिवशी आपला तोडगा काढला. तो मला नंतर कळला. ती बाजारात जाऊन बसली आणि कुणी विचारायच्या आधीच प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत सुटली, "आमच्या घरून पावडरचा वास येईल हां उद्यापासून. कोण आजारी नाय. ह्यांच्या चालायच्या पाण्यात टाकतात, डॉक्टरने सांगितलंय. आणि टाकते कोण ठाऊक हाय? माझी मुलगी. बी.एस्सी. हाय ती." पापलेट तोलता तोलता, सुरमईच्या तुकड्या करता करता, तिने हे सगळ्या गावाला सांगितलं. टोपली रोजच्यासारखी रिकामी झाली. आईला बी.एस्सी. म्हणजे नेमकं काय ते माहीत नव्हतं. तिला माहीत होतं की वास लपवता येत नाही, सांगून टाकता येतो.

आधी जुनं पाणी काढायचं होतं. बूच काढलं आणि ते खारं पाणी पाटाने माडांच्या मुळाशी सोडलं. माडांना मीठ मानवतं, आपण घालतोच. त्या वर्षी ते माड असे लगडले की आत्या पुढे कितीतरी वर्षं मिठाचीच बाजू घेऊन भांडायची. मग बाबांच्या बोटीवरचे खलाशी आले. मी बोलावलं नव्हतं. बोट दुपारी लागली आणि ते तसेच, अंगावरच्या मासळीच्या वासासकट, सुंभाचे बोळे घेऊन बंदरात उतरले आणि बोटीचा तळ घासतात तसा त्यांनी तो घासला. वरून बाबा खुर्चीतून ओरडत होते. "कोपऱ्यात घास. कोपरा तुझा बाप घासणार काय?" खलाशी खालून, "तांडेल, पगार कोण देणार?" "बी.एस्सी. देईल." खुर्ची त्यांनी त्या दिवशी परसाकडे वळवून घेतली होती. हे मी बघितलं.

पाणी भरायला दिवस गेले. विहिरीवरचा पंप सकाळी थोडा, संध्याकाळी थोडा. मध्ये विहिरीला दम घ्यायला वेळ द्यायचा. खलाशी धक्क्यावरच्या नळावर पिंपं भरून हातगाडीवरून आणत. शेवटी भरलं. काचेसारखं. आता माझी पाळी.

पावडर बादलीत कालवली, चुन्याचा गाळ खाली बसू दिला आणि वरची निवळी उन्हं उतरल्यावर तलावात ओतली. भर उन्हात क्लोरीन उडून जातो, म्हणून संध्याकाळ. सगळे बघायला जमले होते. आई दारात, आत्या कठड्यापाशी, खलाशी माडाला टेकून, बाबा खुर्चीत. मी बांबूने पाणी ढवळलं.

आणि माझ्या डोळ्यांसमोर ते स्वच्छ पाणी तांबूस व्हायला लागलं. आधी ओतलं तिथे, मग सगळीकडे. थोड्या वेळात आख्खं बंदर कोऱ्या चहाच्या रंगाचं झालं.

"झाला चहा," आत्या बोलली.

एक खलाशी म्हणाला, "बी.एस्सी.चा चहा. साखर कोण घालतंय?"

आई पुढे आली. "पुरे आता. काढ ते. विहिरीचं एवढं पाणी फुकट घालवलंस. ह्यांना मी ह्यात पाय नाय टाकू देणार." खलाशी बूच काढायला वाकलाही.

माझे कान तापले होते. प्रयोगशाळेत असं कधी झालं नव्हतं. तिथे पाणी काचेच्या बाटलीतलं असायचं. खरं सांगायचं तर त्या क्षणी मीही म्हटलं असतं, काढा बूच. आणि काढलं असतं तर पुन्हा भरायला विहिरीत पाणी नव्हतं. पाऊस येईपर्यंत बाबा खुर्चीत, आणि डॉक्टरांनी सांगितलेले महिने संपलेले.

"हात काढ रे बुचावरचा," बाबा बोलले. आवाज चढवला नव्हता. बोटीवरचा आवाज होता तो. "तिच्या हातात सुकाणू दिलंय ना मी? मग मध्येच कोण ओढतोय?" मग माझ्याकडे वळून, "पाण्याचा रंग बदलला. बदलला तर बदलला. समुद्राचापण बदलतो. का बदलला ते सांग. घाई नाय."

घाई नाय. त्या शब्दांचे उपकार मी अजून फेडते आहे. शाळेत इतकी वर्षं शिकवताना एखादा मुलगा फळ्यापाशी अडकला की मी हेच म्हणत आले: घाई नाही, का झालं ते सांग.

मी कठड्यावर बसले. समोर चिऱ्यांचा बांध होता, लालभडक. विहीरही त्याच जांभ्यात खणलेली. आमच्या घरातले पांढरे कपडे वर्षभरात तांबूस पडतात, आई नेहमी कुरकुर करायची. जांभ्यात लोखंड असतं. ते विहिरीच्या पाण्यात विरघळलेलं, न दिसणारं. क्लोरीनने ते गंजवून दाखवलं, एवढंच. घाण नव्हती ती. आधीपासून पाण्यात होतं तेच बाहेर आलं होतं.

"गंज आहे," मी बोलले. "आपल्या मातीतलं लोखंड. खाली बसेल. आत्या, तुझी तुरटी आण."

"आता आली माझी आठवण," आत्या बोलली. पण तुरटी तिनेच आणली, तिनेच फिरवली. तेवढी तिची विद्या माझ्या विद्येला लागली, आणि हे ती पुढे कुणालाही सांगायची विसरली नाही.

दुसऱ्या दिवशी पाणी फिकट झालं. त्याच्या पुढच्या दिवशी सकाळी मी जाऊन बघते तर तळाशी विटकरी गाळाचा पातळ थर आणि वर पाणी असं की तळाच्या गिलाव्यातल्या थापीच्या खुणा मोजाव्यात. बाबांना खुर्चीसकट कठड्यापाशी आणलं. ते बराच वेळ खाली बघत बसले.

"एवढा तळ," ते बोलले, "मी समुद्रात नाय बघितला कधी."

खलाशांनी लांब रबरी नळी लावून तळाचा गाळ ओढून काढला. मी कॉलेजात माझ्या सरांकडे गेले. सरांनी काहीही न विचारता एक छोटी बाटली दिली, पाण्यात चार थेंब टाकले की क्लोरीन असेल तसं पिवळं करणारी. "घरी वापरणार? वा," म्हणाले, "पहिल्यांदाच कोणी घरी न्यायला मागतंय. थेंब टाकलेलं पाणी तलावात परत ओतू नकोस, आणि हात धू." त्यांचेही आभार इथेच मानते, तेव्हा मानायचे राहून गेले होते असं नाही, पण एकदा मानून भागत नाही.

जखम भरल्यावर डॉक्टरांनी पाणी बघितलं आणि मान हलवली. बाबा पहिल्या पायरीवर उतरले, बोट बुडवून जिभेला लावलं.

"गोडं झालं," तोंड वाकडं करून ते बोलले. "मिठाचं पाणी माणसाला धरायचं. हे सोडून देतंय."

"मग तुमच्या पायाला तळ धरायला सांगा," मी बोलले.

ते चालायला लागले.

त्यानंतर रोज संध्याकाळी ते मला हाक मारून विचारायचे, जसं बोटीवर वारा विचारतात तसं, "काय गो, पिवळं किती?" मी काचेची नळी उजेडाला धरायची. ते लांबून बघून ठरवायचे. फिकं असलं की, "लिंबू कमी पडलं." जास्त झालं की, "आज हळद झाली, उद्या कमी टाक." थोड्याच दिवसांत त्यांचा अंदाज माझ्याइतका बिनचूक झाला. पाण्याचे रंग ओळखणं हाच तर त्यांचा धंदा. वास यायचाच, पण आळीला त्याची सवय झाली. बाजारात आईच्या टोपलीपाशी आता उलटंच सुरू झालं. एक बाई विचारायची, आमच्या विहिरीचं पाणी जरा बघेल का तुमची मुलगी? आई मासळी कागदात बांधता बांधता म्हणायची, "बघेल की. शाळा सुटल्यावर ये." मला न विचारता. मी गेले त्या सगळ्या विहिरींवर. मला आवडायचं.

पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढून माडाच्या विणलेल्या झापांनी शाकारल्या, तसंच खलाशांनी बंदरावरही झापांचं छप्पर केलं. खाली बाबा चालत राहिले. आधी दोन्ही हातांनी नळी धरून, मग एका हाताने, मग नुसतं बोट टेकवून. पायाचा तळवा मात्र मुका तो मुकाच राहिला. तिथलं कळणं कधी परत आलं नाही. पण तो उचलला जायला लागला. श्रावणात एक दिवस मी शाळेतून आले तेव्हा ते पाण्याच्या मधोमध उभे होते आणि दोन्ही हात त्यांनी डोक्यावर ठेवले होते, एखाद्या पोराला शिक्षा झाल्यासारखे.

"काय करताय?"

"हात कुठे ठेवायचे ते कळत नाय," ते बोलले. "नळी नकोय त्यांना."

नारळी पौर्णिमेला नारळ सोडला आणि त्यानंतर बोटी पाण्यात गेल्या. आमची बोट किनाऱ्यापासून थोडी आत नांगरलेली असते. तिच्यावर चढायचं तर कमरेच्या वर पाण्यातून चालत जावं लागतं. सगळे तसेच जातात. हंगामाच्या पहिल्या दिवशी आळीने ठरवलं होतं की तांडेलांना खुर्चीत बसवून, खुर्ची खांद्यावर घेऊन बोटीवर पोचवायचं. मानानेच, त्यात काही वाईट नव्हतं. किनाऱ्याच्या वाळूपर्यंत, पुळणीपर्यंत, ते काठी टेकत, पाय थोडा ओढत आले. आई एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. सगळं बंदर बघत होतं. आदल्या वर्षी ह्याच बघण्याला ते भ्यायले होते. खलाशांनी खुर्ची पुढे आणली.

बाबांनी काठी आईच्या हातात दिली. "ही धर. हिला पोहता येत नाय."

मग ते पाण्यात गेले. घोटा बुडला, गुडघा बुडला, आणि गुडघ्याच्या वर पाणी आलं तसा त्यांचा पाय ओढायचा थांबला आणि पडायला लागला. डावा, उजवा, डावा. एक लाट आली तेव्हा ते थांबले, तिला अंगावरून जाऊ दिलं, पुढे निघाले. खलाशी रिकामी खुर्ची घेऊन तसेच उभे. आई पदराचा बोळा तोंडात धरून होती. आत्या म्हणाली, "हळू रे, हळू," जसं काही ते त्यांना ऐकू जाणार होतं.

मी त्यांच्या मागे साडी खोचून पाण्यात शिरले होते, हात लांबवून, पण न लावता. बोटीपाशी पोचल्यावर त्यांनी एक हात काठाला लावला. वरून दोघांनी हात पुढे केले, जसे प्रत्येकाला करतात तसेच. वर जायच्या आधी ते माझ्याकडे वळले. छातीपर्यंत पाणी होतं, हिरवट, वाळू मिसळलेलं, तळ न दिसणारं.

"ह्यात नको हां काही टाकू," ते बोलले. "हे असंच ठीक हाय."